नकली लेबले, सीमाशुल्क विभाग आणि दोन हजार रुपयांची नोटीस

औषधनिर्मात्यांच्या एका मेळाव्यात, भोजनोत्तर गप्पांच्या ओघात, एका ज्येष्ठ फार्मसीमालकांनी ठामपणे सांगितले, "कस्टम्समध्ये दोन हजार रुपये भरून ठेवावेत. मग आपल्या लेबलाची नक्कल केलेला माल बंदरातच अडतो, कोर्टकचेरीची गरजच उरत नाही." अनेकांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांपैकी दोघांनी दूरध्वनी करून मला अर्जाचा नमुना कोठे मिळतो असे विचारले. मी वैद्य, वकील नव्हे. तथापि आमच्या औषधशाळेच्या एका लेबलाच्या निमित्ताने या विषयाची कागदपत्रे मला वाचावी लागली होती. दोन हजारांची गोष्ट खरी आहे, परंतु ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी ठाऊक नसताना अर्ज केल्यास ते दोन हजारही वाया जातात, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे पाहू की, आपल्या व्यवसायात कॉपीराइट म्हणजे प्रताधिकार नेमका कशावर असतो. औषधी व अन्न व्यवसायात सर्वाधिक गैरसमज येथेच आहे. शास्त्रीय योगावर तो कोणाचाही नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्या ग्रंथांची यादी दिली आहे, त्यांतील पाठ घेऊन च्यवनप्राश, त्रिफळा गुग्गुळ अथवा दशमूलारिष्ट करण्यास परवानाधारक प्रत्येक निर्माता मोकळा आहे. ती नावेही सर्वांची आहेत. मात्र त्या डब्यावरचे चित्र, अक्षरांची खास मांडणी, वेलबुट्टी, सोबतच्या माहितीपत्रकातील मजकूर, चिकित्सालयात लावण्यासाठी काढलेला पंचकर्माचा तक्ता, योगासनांची ध्वनिचित्रफीत, आपण लिहिलेले पाठ्यपुस्तक, या सर्वांवर कॉपीराइट असतो. चित्र आणि लेबल या कायद्याच्या दृष्टीने 'कलाकृती' होत. ही खोकी, लेबले व पत्र्याचे डबे परदेशातून छापून मागविणे आज कोणालाही शक्य आहे. असा कोरा माल देशात आला, की आत काय भरले जाईल याचा नेम नाही. रुग्ण मात्र लेबल पाहून विश्वास ठेवतो आणि अपाय झाल्यास आपल्याकडेच बोट दाखवितो. तेव्हा प्रश्न केवळ विक्रीचा नाही.

असा माल सर्व बाजारपेठांत पांगल्यानंतर दुकानादुकानांतून तो वेचीत बसण्यापेक्षा प्रवेशद्वारीच रोखणे केव्हाही श्रेयस्कर. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हे निदानपरिवर्जन होय. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर १९९५ साली अमलात आलेल्या ट्रिप्स करारात सदस्य देशांनी अशी सोय करावी असे बंधन आहे. भारताने त्यासाठी सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या आधारे ८ मे २००७ रोजी नियम केले. 'बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम, २००७' असा त्यांच्या नावाचा मराठी अर्थ होतो. कॉपीराइट, व्यापारचिन्ह, डिझाइन आणि भौगोलिक निर्देशांक यांना ते लागू आहेत. पेटंटही त्यांत होते. परंतु २०१८ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले. पेटंटचा भंग झाला की नाही हे बंदरावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहून ठरविणे अवघड असते, हे लक्षात घेता ती दुरुस्ती योग्यच म्हणावी लागेल. लेबलाचे तसे नाही. अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवता येते.

या नियमांखाली हक्कधारकाने सीमाशुल्क आयुक्तांकडे लेखी नोटीस द्यावयाची असते. आपल्या हक्काचा भंग करणारा माल आल्यास त्याची सुटका थांबवावी, अशी विनंती तिच्यात असते. नोटिशीसोबत हक्काचा पुरावा, अस्सल मालाचे वर्णन, नक्कल ओळखण्याच्या खुणा आणि ठाऊक असल्यास संशयित आयातदाराची माहिती जोडावी लागते. अर्जाचे शुल्क २,००० रुपये. नोंदणी संगणकीय प्रणालीवर होते आणि ती सर्व बंदरांना व विमानतळांना उपयोगी पडते. न्हावा शेवा, सहार आणि मुरगाव येथे वेगवेगळे अर्ज करण्याची आवश्यकता नाही. परिपूर्ण नोटीस मिळाल्यापासून ३० कामकाजी दिवसांत ती नोंदली की नाकारली हे कळविणे आयुक्तांवर बंधनकारक आहे. नोंदणी किमान एक वर्षाची असते. व्यवहारात ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत मिळते. वर्षाचे चारशे रुपये पडले. येथपर्यंत आमच्या त्या ज्येष्ठ मित्रांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे.

पुढचा भाग त्यांनी सांगितला नाही.

नोटीस नोंदताना हक्कधारकास दोन प्रकारची बंधपत्रे लिहून द्यावी लागतात. एक सर्वसाधारण बाँड. त्यावेळी त्यासोबत रोख तारण मागितले जात नाही. दुसरे हानिरक्षण बंधपत्र. संशयावरून अडविलेला माल निर्दोष निघाल्यास आयातदाराचे नुकसान व सरकारचा खर्च यांची जबाबदारी आमची, अशी ती हमी आहे. खरी परीक्षा माल अडतो त्या दिवशी सुरू होते. अमुक बंदरात अमुक माल थांबविला आहे असा निरोप आल्यापासून तीन दिवसांत त्या विशिष्ट मालापुरता स्वतंत्र बाँड द्यावा लागतो. केंद्रीय मंडळाच्या २००७ च्या परिपत्रकानुसार या बाँडची रक्कम मालाच्या मूल्याच्या ११० टक्के आणि त्यावरील तारण बाँडच्या रकमेच्या २५ टक्के धरले जाते.

हिशेब मांडून पाहू. समजा, आपल्या केशतैलाच्या लेबलाची नक्कल असलेले छापील पत्र्याचे डबे ६ लाख रुपये मूल्याचे आले. बाँड ६ लाख ६० हजारांचा. तारण १ लाख ६५ हजारांचे. ही रक्कम तीन दिवसांत बँक हमीच्या किंवा मान्य अशा अन्य स्वरूपात उभी करावयाची. जिल्ह्याच्या ठिकाणी चार कामगार आणि एक खल-यंत्र घेऊन चालणाऱ्या औषधशाळेस तीन दिवसांत बँक हमी मिळविणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांस सांगणे नलगे. बँकेशी आगाऊ बोलणे झालेले नसेल, तर पहिले दोन दिवस व्यवस्थापकांची भेट मिळण्यातच जातात. शिवाय माल मोठा असेल तितके तारण मोठे. म्हणजे ज्या प्रमाणात आपली हानी संभवते, त्याच प्रमाणात ती रोखण्यास लागणारे भांडवलही वाढते. तारण परत मिळते हे खरे. परंतु तोपर्यंत तेवढे भांडवल अडकून राहते, आणि हिरडा-बेहड्याच्या हंगामी खरेदीच्या वेळी ते अडकले तर त्याची किंमत निराळीच.

आणखी एक कलम असे आहे की, ते वाचून मी पुन्हा वाचले. चौकशीअंती माल खरोखरच नक्कल ठरला व जप्त झाला, तर तो नष्ट करावयाचा असतो किंवा नेहमीच्या बाजारपेठेबाहेर त्याची विल्हेवाट लावावयाची असते. तो जसाच्या तसा पुन्हा निर्यात करू दिला जात नाही, ही समाधानाची बाब. परंतु नष्ट करण्याचा खर्च, तसेच तोपर्यंतचे डेमरेज व कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार हे सर्व हक्कधारकाने सोसावयाचे असतात. अर्थात, जिंकल्यावरही खर्च आपलाच. चोर पकडून देणाऱ्यानेच कोठडीचे भाडे भरावे असे हे झाले. नियमांमागची विचारसरणी समजते: सरकारी यंत्रणा एका खाजगी हक्कासाठी राबते आहे, तेव्हा तिचा भार लाभार्थ्याने उचलावा. तरी बंदरात माल जितके दिवस पडून राहील तितका आकार वाढत जातो, हे ध्यानात ठेवून चौकशीस कागद वेळेवर पुरविणे आपल्याच हिताचे आहे.

कालमर्यादेबाबतही तितकीच दक्षता हवी. सुटका थांबविल्याची सूचना मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत हक्कधारकाने कार्यवाहीत सामील झाले पाहिजे. योग्य कारणास्तव आणखी दहा दिवस मिळू शकतात. नाशवंत मालास हीच मुदत तीन अधिक चार दिवसांची आहे. (आसवारिष्टे बहुधा यात यावयाची नाहीत, ती जितकी जुनी तितकी गुणकारी!) मुदत टळली तर अन्य बाबी ठीक असल्यास माल सुटतो, आणि तो एकदा सुटला की सगळे मुसळ केरात. आपली नोटीस नसतानाही अधिकारी सबळ संशयावरून स्वतःहून माल अडवू शकतात. मात्र तेव्हा पाच दिवसांत नोटीस व बाँड यांची पूर्तता न केल्यास तोही सोडून द्यावा लागतो. म्हणून नोटिशीत दिलेला दूरध्वनी क्रमांक कोण उचलणार, हा प्रश्न शुल्कापेक्षा महत्त्वाचा आहे. चिकित्सालयातील कंपाउंडरने निरोप घेतला आणि वैद्य पंचकर्म-शिबिरासाठी बाहेरगावी, अशी परिस्थिती आपल्याकडे सर्रास असते. बंदराच्या ठिकाणी एखादा भरवशाचा क्लिअरिंग एजंट अथवा वकील आधीच नेमून त्याचे नाव नोटिशीत घालणे सोयीचे. त्याचे शुल्क दोन हजारांत बसणार नाही, हेही आताच समजून असावे.

कॉपीराइटपुरता दुसरा एक मार्ग खुद्द कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५३ मध्ये आहे. पूर्वी या कलमाखाली कॉपीराइट निबंधकांकडे अर्ज करावा लागत असे. २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने नोटीस थेट सीमाशुल्क आयुक्तांकडे देण्याची सोय झाली. कॉपीराइट नियम, २०१३ च्या शुल्कसूचीत यासाठी १,२०० रुपयांची नोंद आहे. रक्कम कमी दिसली तरी हा मार्ग अधिक अरुंद आहे. नोटीस जास्तीत जास्त एका वर्षाची. नकली प्रती कोणत्या वेळी व कोठे येणार आहेत हे सांगावे लागते. साठवण, डेमरेज व आयातदाराची संभाव्य भरपाई यांसाठी आयुक्त ठरवतील ती अनामत भरावी लागते. माल अडविल्यावर ४८ तासांत दोन्ही पक्षांस कळविले जाते, आणि चौदा दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणून दाखविला नाही तर माल मोकळा होतो. अमुक जहाजातून अमुक पुस्तकाच्या चोरट्या प्रती येत आहेत अशी पक्की बातमी हाती असेल, वकीलही सज्ज असेल, तर हा मार्ग उपयोगाचा. कायमचा पहारा बसवायचा असेल तर २००७ च्या नियमांची नोंदणीच बरी.

आता ज्या मुद्द्याने माझी स्वतःची फजिती झाली तो सांगतो. नोटीस देणारा 'हक्कधारक' असला पाहिजे. आमच्या केशतैलाचे लेबल पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावातील छापखान्यात बसणाऱ्या एका चित्रकाराने काढले. जटामांसी आणि माक्याच्या वेली, मध्ये तांब्याचे घंगाळ. फार सुंदर काम. त्यांचे पैसे चुकते केले, प्लेटा घरी आणल्या आणि लेबल आपले झाले असे समजून मी निश्चिंत राहिलो. कायद्याची भूमिका निराळी आहे. कलाकृतीच्या कॉपीराइटचा प्रथम मालक ती निर्माण करणारा कलावंत असतो. तो आपला पगारी नोकर असून नोकरीच्या ओघात त्याने काम केले असेल तर गोष्ट वेगळी. मोबदला घेऊन सांगून करवून घेतलेल्या छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र इत्यादी मोजक्या प्रकारांसही अपवाद आहे. एरवी स्वतंत्र व्यावसायिकाने काढलेल्या लेबलाच्या आरेखनाचे हक्क लेखी हस्तांतरणावाचून आपल्याकडे येत नाहीत. पावती म्हणजे हस्तांतरण नव्हे. आणि हा हक्क कलावंताच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे उद्या त्यांच्या वारसांशीही गाठ पडू शकते.

सुदैवाने ते गृहस्थ हयात आणि सज्जन. हस्तांतरणपत्रावर सही करण्यास आनंदाने तयार झाले. मी टंकलेखकाकडून एक पानी मजकूर करून घेतला: 'सदर लेबलाचे सर्व हक्क अमुक औषधशाळेस दिले आहेत.' तो वाचून एका वकील मित्रांनी कपाळावर हात मारला. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच समजले जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. मिळालेला हक्क एक वर्षाच्या आत वापरला नाही तर, करारात अन्यथा म्हटले नसल्यास, तेही लोप पावते. सुधारित पत्रात कलाकृतीची ओळख पटेल असे वर्णन, दिलेले हक्क, कॉपीराइटची संपूर्ण मुदत, सर्व देश आणि मोबदल्याचा आकडा असे सारे आले. ज्यांची लेबले बाहेरच्या माणसाने काढली आहेत, त्यांनी कस्टम्सच्या अर्जाकडे वळण्यापूर्वी आपले कपाट उघडून असा कागद आहे की नाही ते पाहावे. विरुद्ध पक्षाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. हक्क निर्मितीबरोबरच जन्मतो. तथापि नोंदवहीतील नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्यास दाखविण्यास प्रमाणपत्रासारखा दुसरा कागद नाही. मालावर वापरावयाच्या कलाकृतीच्या नोंदणीचे शुल्क २,००० रुपये आहे. साध्या कलाकृतीस ५०० पुरतात. त्याखेरीज तशाच स्वरूपाचे व्यापारचिन्ह नोंदलेले नाही असे व्यापारचिन्ह निबंधकांचे शोध-प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यालाच बहुधा कॉपीराइटपेक्षा अधिक पैसे लागतात, याची कल्पना असावी. इतका खर्च करणारच असाल तर उत्पादनाच्या नावाचे व्यापारचिन्हही नोंदवून त्याच्या आधारेही सीमाशुल्क नोटीस द्यावी, असे माझे मत आहे. व्यक्ती अथवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास दर वर्गास शुल्क ४,५०० रुपये पडते. नक्कल करणारा चित्र थोडे बदलतो, वेलीची पाने उलटी काढतो. नाव मात्र त्याला मिळतेजुळतेच ठेवावे लागते, कारण रुग्ण ते नावच मागतो. बाटलीच्या आगळ्या आकारासाठी कॉपीराइटवर विसंबू नये. ती डिझाइन अधिनियमाची बाब आहे, आणि तेथे न नोंदविता पन्नासांहून अधिक नग काढले की आकारावरचा कॉपीराइट संपुष्टात येतो.

हा पहारा कोठे लागू पडत नाही हेही सांगितले पाहिजे. प्रवाशाच्या सामानातील किंवा लहान पार्सलातील वैयक्तिक उपयोगाच्या वस्तूंना हे नियम लागू नाहीत. देशातच छापलेल्या नकली लेबलांना तर मुळीच नाहीत. तेथे अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस हाच मार्ग. दुसऱ्या औषधाचे नाव किंवा फसवणूक होईल असे साम्य धारण करणारे आयुर्वेदीय औषध कलम ३३ ईईए प्रमाणे बनावट ठरते, आणि त्या तक्रारीस ना बाँड लागतो ना तारण. आपल्यापैकी बहुतेकांना नडणारी नक्कल याच प्रकारची असते.

ज्यांचा माल परदेशी जातो त्यांच्यासाठी एवढेच की, भारतातील नोंदणी तेथील बंदरात चालत नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाकडे कॉपीराइटची नोंद करण्यास १९० डॉलर पडतात. व्यापारचिन्हास दर वर्गास तितकेच. मात्र त्याआधी तो हक्क तेथे नोंदलेला हवा. युरोपीय संघात २०१३ च्या विनियमानुसार सीमाशुल्क कार्यवाहीच्या अर्जास प्रशासकीय शुल्कच घेतले जात नाही. साठवण व नाशाचा खर्च मात्र तेथेही मागितला जाऊ शकतो.

त्या दोन मित्रांना मी काय सांगितले, असे वाचक विचारतील. एकाचे उत्पादन तीन जिल्ह्यांत खपते, परदेशी नक्कल कधी पाहण्यात नाही. त्यांना मी तूर्त अर्ज करू नका असे सांगितले, चित्रकाराचा कागद मात्र करून घ्यावयास लावला. दुसऱ्यांच्या मलमाच्या डब्यांसारखे छापील डबे मुंबईच्या घाऊक बाजारात कोरे विकले जात होते, आणि डब्यांच्या बुडाशी परदेशी कारखान्याचा ठसा होता. त्यांना नमुने पावतीसह विकत घेऊन ठेवण्यास सांगितले, बँकेत तारणाची तजवीज करविली, आणि मगच दोन हजारांचा अर्ज भरविला.